आजोबांची 'डिस्पोजल'ची जीप: खरी मिलिटरीची का नंतरची? कसं ओळखायचं?

कडवाकाठचा

नमस्कार मंडळी, निफाड तालुक्यातला आहे, द्राक्षबाग आहे, गाड्यांमधलं मला कामापुरतंच कळतं म्हणून इथे विचारतोय. थोडं लांबेल, वाचून घ्या.

आमच्या मळ्यातल्या शेडमध्ये एक जीप उभी आहे, चौदा-पंधरा वर्षं झाली असतील हललेली नाही, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर रिकामे क्रेट. माझ्या आजोबांची, म्हणजे तात्यांची. आमच्याकडे तिला कुणी जीप म्हणतच नाही, डिस्पोजल म्हणतात. "डिस्पोजल काढ रे, पिंपळगावला जायचंय" असं. मी बराच मोठा होईपर्यंत डिस्पोजल हे कंपनीचंच नाव आहे असं धरून चाललो होतो.

तात्या सांगायचे ते असं, की दुसरी लढाई संपल्यावर देवळाली कॅम्पात मिलिटरीच्या गाड्यांचा लिलाव झाला, तिथून त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने मिळून ही घेतली, गाडी लाकडी पेटीत बंद होती, पेटी फोडली तर आत सगळ्याला ग्रीस फासलेलं, ते रॉकेलने पुसून गाडी जोडली आणि नाशिकरोडवरून चालवत घरी आणली. किंमत कधी शंभर सांगायचे कधी तीनशे. बहात्तरच्या दुष्काळात याच जीपला मागे टाकी जोडून त्यांनी गावाला पाणी ओढलंय, ते मात्र गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात, त्यात शंका नाही.

आता काका म्हणतात पेटीबिटी सगळं तात्यांचं रंगवून सांगणं, गाडी महिंद्राची आहे, साठ-पासष्ट सालची. गेल्या महिन्यात बाहेरगावचा एक माणूस विचारत आला, ऐंशी हजार म्हणाला, मी नाही म्हटलं तर दहा दिवसांत फोनवर अडीच लाखांवर आला. जो माणूस गाडी चालू होते का तेही विचारत नाही, नुसता खाली वाकून बॅटरी मारून काहीतरी बघतो आणि तिप्पट भाव देतो, त्याला काहीतरी दिसलंय एवढं मला कळतं. काकांना विकायची आहे, मला नाही. पण नुसतं नाही म्हणून घरात चालत नाही, हातात काहीतरी पाहिजे.

दिसतंय ते लिहितो. लेफ्ट हँड आहे. बोनट बसकं, सपाट. पुढच्या जाळीला उभ्या फटी मोजल्या, ९ आहेत. दिवे छोटे, जाळीच्या आत. मागचा पत्रा कापून फाळका केलाय, दुधाच्या कॅन चढवायला. इंजिन डिझेल आहे, ते नंतर बसवलंय हे नक्की, कारण वडील तेव्हा शाळेत होते आणि त्यांना ते बसवताना बघितल्याचं आठवतं. रंग निळा, खरवडलं की खाली अजून रंग लागतात. आरसी बुक नाही, नव्वदच्या आसपास वडिलांनी नावावर करायला एका एजंटाकडे दिलं होतं ते परत आलंच नाही, तो माणूसही आता नाही.

तर ओळखायचं कसं, पेटीची गोष्ट खरी असू शकते का, आणि कागदाचं काय करता येईल?

वडाळानाका_गॅरेज

भाऊ, पहिलं म्हणजे विकू नका, निदान हे सगळं बघून होईपर्यंत तरी. चाळीस वर्षं झाली मला या लायनीत, वडिलांचं गॅरेज होतं तिथेच वाढलो.

फटी ९ असतील तर काकांचं म्हणणं तिथेच ढिलं पडलं. सिव्हिलियन जीप म्हणजे सीजे, आणि आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं काढली ती सीजे थ्री बी, या सगळ्यांना ७ फटी. थ्री बीचं बोनट उंच, लांबून कळतं. सीजेचे दिवे मोठे आणि जाळीच्या बाहेर आलेले, लढाईतल्या गाडीचे छोटे आणि आत बसवलेले. दिव्याच्या मागे एक विंगनट असतो, तो सैल केला की अख्खा दिवा उलटा फिरून इंजिनावर उजेड पाडतो, रात्री रस्त्यात बोनट उघडायची वेळ आली तर. तुमचा फिरतो का बघा, जाम झाला असेल तर जोर लावू नका, तेल सोडून दोन दिवस ठेवा. लेफ्ट हँडवरून काही ठरवू नका, महिंद्राच्या जुन्या जीपाही लेफ्ट हँड असायच्या. ड्रायव्हरची सीट उचला, टाकीचं तोंड सीटखाली असेल तर मिलिटरीची, सीजेला ते बॉडीच्या बाहेरून असतं. मागचा पत्रा मिलिटरीच्या गाडीला बंदच असतो, फाळका नसतोच, म्हणजे तात्यांनी कापला हे बरोबर जुळतं.

पण जाळी, बोनट, बॉडी हे सगळं बदलता येतं. शेवटचा निकाल चासी देते, चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, त्याच्या डाव्या-उजव्या लांब पट्ट्यांनाही आम्ही चासीच म्हणतो. लढाईत एकट्या विलीज कंपनीकडून गाड्या पुऱ्या पडेनात म्हणून अमेरिकन सरकारने फोर्डलाही तीच गाडी बनवायला दिली, विलीजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू, १९४१ ते १९४५ मध्ये दोघांनी मिळून सहा लाखांच्या वर काढल्या. दिसायला जुळ्या बहिणी. फरक बघायचा असेल तर रेडिएटरच्या खाली पुढून वाकून बघा, दोन्ही चासींना जोडणारा आडवा मेंबर असतो, तो गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या चॅनलसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. तो माणूस वाकून हेच बघत होता, दुसरं काही नाही. फोर्डच्या बऱ्याच बोल्टांच्या डोक्यावर आणि बारीकसारीक पार्टवर इंग्रजी एफ मारलेला असतो. नंबरचं म्हणाल तर विलीजचा चासी नंबर पुढच्या बंपरच्या मागे डाव्या चासीच्या आतल्या बाजूला छोट्या प्लेटवर, ती प्लेट बऱ्याचदा पडून गेलेली असते. फोर्डचा डाव्या चासीच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला, त्यामुळे तो टिकतो.

नंबर काढायची पद्धत नीट वाचा, इथेच लोक घाण करतात. ग्राइंडर लावायचा नाही. रॉकेलचं फडकं रात्रभर ठेवायचं, सकाळी मऊ तारेच्या ब्रशने हलक्या हाताने माती-ग्रीस काढायचं, कोरडं झालं की पांढरा खडू आडवा फिरवायचा, आकडे आपोआप उठतात. आकडे उथळ असतात, एकदा घासले की गेले, आणि नंबर घासलेली गाडी कुणीही चोरीचीच समजतो.

अजून एक. मूळ इंजिन कुठे आहे? चार सिलिंडर पेट्रोल, २.२ लिटर, साइड व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवरचं. तुमच्या तात्यांच्या वयाची माणसं चालतं इंजिन भंगारात देणारी नव्हती. शेडमध्ये, विहिरीवर, जुन्या वाड्यात बघा. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी की पेट्रोलवर चालू करून गरम झालं की रॉकेलवर ढकलायचे लोक, पाण्याच्या पंपाला बसवलेली मी स्वतः दोन बघितलीत, एक दिंडोरीकडे आणि एक सिन्नरकडे.

पंचवटीतली_वाचक

मी शिक्षिका आहे, गाड्यांमधलं कळत नाही पण या लिलावांच्या काळाबद्दल बरंच वाचलंय, म्हणून पेटीच्या प्रश्नावर लिहिते.

पेटीतली जीप ही गोष्ट फक्त तुमच्या घरातली नाही दादा, ती जगभर सांगितली जाते. अमेरिकेत तर पन्नास डॉलरला ग्रीसमध्ये बुडवलेली कोरी जीप पेटीत मिळते अशा जाहिराती मासिकांमधून कितीतरी वर्षं येत होत्या, आणि पैसे पाठवले की सरकारी लिलाव कुठे होतात याची एक पुस्तिका यायची, जीप नाही. १९४१ मध्ये विलीजला पहिलं मोठं कंत्राट मिळालं तेव्हा सरकारने एका गाडीला ७३८ डॉलर मोजलेले, तर कोरी गाडी पन्नासला कोण देईल? लढाई संपल्यावर तिथे १९४६ मध्ये वॉर अ‍ॅसेट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं काढलं, सैन्यातून सुटून आलेल्यांना खरेदीत पुढचा नंबर होता, आणि विकल्या गेलेल्या जीपा बहुतेक वापरलेल्याच होत्या.

पण म्हणून पेटी खोटी असं मला म्हणायचं नाही. जीपा समुद्रावरून येताना चाकं काढून, काच आडवी पाडून पेट्यांमध्येच भरल्या जायच्या, जागा वाचावी म्हणून. इकडे मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, तिथे बाहेरून आलेले सुटे भाग जोडून गाड्या तयार व्हायच्या, लढाईच्या काळात तिथून लष्करासाठी ट्रक निघाले. म्हणजे पेटी फोडून गाडी जोडणं हे त्या पिढीने डोळ्यांनी बघितलेलं होतं. आपली देवळाली तर ब्रिटिश सोल्जरांचा ट्रान्झिट कॅम्प, मुंबई बंदरात उतरलेले किंवा परत जायला निघालेले सगळे इथून जायचे. तात्यांनी कॅम्पात पेट्या बघितल्या असतील यात मला काही अवघड वाटत नाही. त्यांची गाडी पेटीतली होती का, हे गाडीच सांगेल.

डिस्पोजल हा शब्द कुठून आला तेही सांगते, कारण तो आता मरत चाललाय आणि मला त्याचं वाईट वाटतं. लढाईनंतर सरकारकडे एवढा माल उरला की त्याच्या विक्रीसाठी डिस्पोजल्सचं वेगळं डायरेक्टोरेट जनरल काढावं लागलं. गाड्या, तंबू, बूट, घोंगड्या, पाण्याच्या टाक्या, तारा, सगळं. अमेरिकन सैन्य इथे सोडून गेलेला मालही त्यात आला, १९४६ मध्ये दोन्ही सरकारांमध्ये लढाईतल्या देण्याघेण्याचा हिशोब मिटवणारा करार झाला त्यानंतर. पुढे १९५१ मध्ये खरेदी आणि विक्री एकत्र करून डायरेक्टोरेट जनरल ऑफ सप्लाइज अँड डिस्पोजल्स झालं आणि ते थेट २०१७ पर्यंत होतं. त्या सरकारी पाटीवरचा एक शब्द निफाडच्या मळ्यात एका गाडीचं नाव होऊन बसला, आणि तुमच्या घरात अजून बोलला जातो. जपा तो.

विकायची घाई का होती तर राखायला माणसं नव्हती आणि परत न्यायचं भाडं मालापेक्षा जास्त. पॅसिफिकमध्ये आजच्या वानुआतूतल्या एस्पिरितू सांतो बेटावर तर अमेरिकनांनी तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच सरकारला माल स्वस्तात देऊ केला, ते घेईनात, फुकट मिळेल म्हणून थांबले, तेव्हा बुलडोझर लावून ट्रक, जीपा, क्रेन सगळं समुद्रात ढकललं. त्या जागेला आज मिलियन डॉलर पॉइंट म्हणतात आणि लोक पाण्याखाली ते गंजलेले ट्रक बघायला जातात. फिलिपीन्सच्या लोकांनी मात्र उरलेल्या जीपा घेतल्या, मागून लांब केल्या, समोरासमोर बाकं टाकली आणि तीच त्यांची जीपनी झाली, शहरभर चालणारी. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर अशीच उरलेली विलीज जीप वापरायचे, तिच्यावरून त्यांना लँडरोव्हर सुचली आणि १९४८ मध्ये ती बाजारात आली. म्हणजे तुमचे तात्या शेतावर जे करत होते तेच.

आपल्याकडे या गाड्यांचं महत्त्व वेगळंच होतं. लढाईच्या वर्षांत पेट्रोलला रेशन, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवलेल्या, मागे ती भट्टी लावून. नवी गाडी सामान्य माणसाच्या हाताबाहेर. एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर सुटली ती १ जून १९४८ ला, त्याआधी गावोगाव खाजगी मोटारवालेच होते. अशा वेळी फोर व्हीलची गाडी, पावसाळ्यात काळ्या मातीतून निघणारी, शेतकऱ्याच्या हातात येणं म्हणजे काय असेल. चिखलाच्या दिवसांत बाळंतिणीला बैलगाडीतून नेणं आणि जीपमधून नेणं यातला फरक मला माझ्या आजीने सांगितलाय, तिच्या पहिल्या बाळाच्या वेळी जीप नव्हती.

आणि एक, जुन्या मिलिटरी जीपा विकत घेणं नेहमी फायद्यात पडलं असंही नाही. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी आपल्याच सरकारने लंडनमधून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपा मागवल्या, व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा तिथे हायकमिशनर. १५५ जीपा आल्या त्या वापरण्यालायक नव्हत्या, संसदेत प्रचंड गदारोळ झाला, १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. ज्या तात्यांनी लिलावातून चालणारी गाडी निवडून आणली त्यांना पारख होती.

ओझर_टाउनशिप

ताई तुमचं सगळं पटलं पण पेटीबद्दल मी थोडा भांडेन. आमच्या जुन्या घराला, चांदवडकडे, एक दार आहे, त्याच्या आतल्या बाजूला काळ्या रंगात छापलेली इंग्रजी अक्षरं आहेत, अर्धी फळी कापल्यामुळे पूर्ण वाचता येत नाहीत, आणि बाण आहेत वर दाखवणारे, ही बाजू वर ठेवा म्हणून असतात तसे. लाकूड पांढरट, हलकं, आपल्याकडचं नाही, सागासमोर काहीच नाही पण अजून टिकलंय. पणजोबांनी ते मिलिटरी डिस्पोजलमधून आणल्याचं घरात सांगतात. म्हणजे पेट्या नुसत्या बघितल्या नाहीत, विकत पण घेतल्यात लोकांनी, आणि त्यांची दारं केलीत. मग एखाद्या पेटीत गाडी असेल तर?

पंचवटीतली_वाचक

दादा, भांडण नाहीच, मला तुमच्या दाराने फार आनंद झाला. फोटो काढून ठेवा, अक्षरांवर तिरपा उजेड पाडून. आणि रंग देऊ नका त्याला कृपा करून.

भगूर_निवृत्त

जय हिंद. ईएमई, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागातून सुभेदार म्हणून निवृत्त, आता भगूरला असतो. गाड्यांची दुरुस्ती आणि नंतर काही वर्षं गाड्या मोडीत काढायच्या कागदाचं काम केलंय.

निफाडकर भाऊ, एक लक्षात घ्या. जाळी विलीजची, चासी फोर्डची, बोल्ट दोन्हीकडचे असं काही निघालं तर गाडी बनावट म्हणून निराश होऊ नका. लष्करी वर्कशॉपमध्ये दहा गाड्या उघडल्या की ज्याचं इंजिन तयार झालं ते समोर उभ्या चासीत बसतं, कुणी नाव बघत नाही. लढाईत तर दोन्ही गाड्यांचे पार्ट एकमेकांना चालावेत म्हणूनच तसे बनवलेले. मिसळलेली गाडी म्हणजे वापरलेली गाडी. उलट सगळं एकसारखं चकचकीत दिसलं तर मी आधी विचारीन, हे कुठे बनलं.

कारण आज नेटवर मिलिटरी डिस्पोजल म्हणून जे विकायला दिसतं त्यातलं बरंच हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जुने पार्ट घेऊन उभं केलेलं असतं. कारागीर हुशार आहेत त्यात वाद नाही, पण कागद एका गाडीचा आणि लोखंड पाच गाड्यांचं. बंगालमध्ये पानागढला पण असाच मोठा बाजार, तिथे लढाईत अमेरिकनांचा तळ होता. आता लष्कराच्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात लॉटने जातात, दुरुस्ती परवडत नाही असा शेरा पडल्यावर. त्यातली गाडी घेतली तर लष्कराचं विक्रीपत्र जिवापाड सांभाळायचं, कारण संरक्षण खात्याच्या गाडीचं रजिस्ट्रेशन वेगळ्या कलमाखाली असतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ६०, आणि ती आपल्या नावावर आली की आपल्याला आरटीओत पहिल्यापासून नोंद करावी लागते. ते पत्र नसेल तर गाडी अंगणातली शोभा.

तुमचं वेगळं आहे, तुमची गाडी सत्तर-पंचाहत्तर वर्षं सिव्हिलमध्ये आहे, तिला कधीतरी नंबर पडलेला आहे. तो जुना नंबर शोधा. विम्याची पावती, रोड टॅक्सचं टोकन, पेट्रोल पंपाचं बिल, तात्यांचा जीपसमोरचा लग्नातला फोटो, कशावर तरी सापडेल. नंबर मिळाला की आरटीओत बी रजिस्टरचा, म्हणजे त्यांच्याकडच्या गाडीच्या नोंदीचा उतारा मागायचा, पोलिसात आरसी हरवल्याची नोंद, मग डुप्लिकेट आरसी आणि वारसाच्या नावावर. वेळ लागेल, पण स्वतः जा, पुन्हा एजंटाकडे मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.

नंतर व्हिंटेजचा रस्ता आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणला, पन्नास वर्षांवरची बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण ५,०००. जुना नंबर असेल तर तोच राहतो, नव्याने नोंदवली तर व्हीए सीरिज मिळते. रोज मळ्यात माल वाहायला ती चालवता येणार नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि मुख्य अट, गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नको. म्हणजे तुमचं डिझेल इंजिन इथे आडवं येणार. वडाळा नाक्याचे भाऊ मूळ इंजिन शोधा म्हणतात ते नुसतं हौसेसाठी नाही.

आणि हिरवा रंग, पांढरा तारा काढायचा मोह होईल तर थांबा. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच आहे, मोटार वाहन नियमांत तसं लिहिलंय. निळी आहे तर निळीच ठेवा. लष्करात ती चार-पाच वर्षं असेल, तुमच्या घरात पाऊणशे वर्षं आहे.

नाशिकरोड_७७

जोंगा पण अशीच मिळते का हो अजून? आमच्या कॉलनीत एका काकांकडे होती, आवाज अजून कानात आहे.

भगूर_निवृत्त

जोंगा म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, निस्सानची गाडी, जबलपूरला बनायची. मूळ इंजिन सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटर पेट्रोल, म्हणून घेणाऱ्यांनी बहुतेकांनी डिझेल टाकलं. मिळतात, पण वर लिहिलंय तेच, आधी कागद.

कडवाकाठचा

मंडळी, नऊ दिवसांनी लिहितोय, छाटणीची कामं चालू होती. सगळ्यांचे मनापासून आभार, आता काय काय झालं ते सांगतो.

रविवारी मी, वडील आणि चुलतभाऊ, तिघांनी ताडपत्री काढली. सीट उचलली, टाकीचं तोंड सीटखाली. डावा दिवा जाम आहे पण उजव्याला तेल सोडून ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी विंगनट हलला आणि दिवा उलटा फिरला. वडील म्हणाले हे मला माहीतच नव्हतं, आणि मग त्यांनी तो चार-पाच वेळा फिरवला. पुढून वाकून बघितलं, आडवा मेंबर चौकोनी, चॅनलसारखा. बोल्टवर एफ, मी बारा मोजले आणि मोजायचं सोडलं.

चासीचा नंबर अजून पूर्ण लागत नाही. रॉकेलचं फडकं ठेवून खडू फिरवला तर सुरुवातीची जीपीडब्ल्यू ही अक्षरं आणि पुढचे तीन आकडे दिसतात, नंतर वेल्डिंगचा थर आहे, केव्हातरी बंपरला पट्टी मारलेली. ग्राइंडर लावलेला नाही. रंगाला वॉटर पेपरने नखाएवढी खिडकी केली, निळ्याखाली पिवळट, त्याखाली पुन्हा निळा, आणि सगळ्यात खाली हिरवा.

आता इंजिन. वडाळा नाक्याच्या काकांनी विहीर लिहिलं होतं. आमची जुनी विहीर बांधाच्या पलीकडे आहे, वीज आल्यापासून तिथे कुणी जात नाही, तिच्या कडेला दगडी खोली आहे, पत्रा कोसळलेला. वडील म्हणाले तिथे काहीतरी होतं खरं, आम्हाला लहानपणी तिकडे जायची बंदी होती कारण पट्ट्यात हात जाईल. घाणेरी तोडून आत गेलो. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने बसवलेलं, गोणपाट गुंडाळलेलं, गोणपाट हात लावताच भुगा. कार्बोरेटर नाही, डायनामो नाही, एका बाजूला उंदरांचं घर. पण ब्लॉक अखंड आहे. ऑइल फिल्टरच्या मागच्या अंगाला खडू फिरवला, जीपीडब्ल्यू आणि पुढे पूर्ण नंबर. चासीवर जे तीन आकडे दिसतात ते या नंबराच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळतात.

वडील तिथेच ओट्यावर बसले. म्हणाले बहात्तर साली तात्या दिवसभर जीपने पाणी ओढायचे आणि पुढे डिझेल बसवल्यावर हेच इंजिन विहिरीवर आणलं, कारण ज्या इंजिनाने गावाला पाणी पाजलं ते विकायचं नाही असं तात्या म्हणायचे. हे त्यांनी मला आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

पेटीचं काही सापडलं नाही. आजीच्या ट्रंकेत रोड टॅक्सची एक फाटकी पावती मिळाली, जुना नंबर वाचता येतो, पुढच्या सोमवारी उताऱ्यासाठी मी स्वतः जातोय. काकांना विहिरीवर नेऊन दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला तेव्हा त्यांनीच उचलला आणि गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं.

वडाळा नाक्याच्या काकांना एकच विचारायचंय, इंजिन ओट्यावरून काढताना काय काळजी घ्यायची? बोल्ट पूर्ण गंजलेत.

वडाळानाका_गॅरेज

पोरा, बोल्टला हात लावू नको. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं करून वाटीभर ओत, वरून फडकं कोंब, आठ दिवस तसंच राहू दे. हँडल मारायचं नाही, एकदाही नाही, पिस्टन चिकटले असतील तर रिंगा तुटतील. पाण्याचं जॅकेट बघ, कुठे चीर दिसते का. त्या उंदरांच्या घरात मॅग्नेट, नट, झाकणं काय मिळेल ते डब्यात भरून ठेव, टाकू नको काही. पुढच्या रविवारी मी येतो, पाने आणि चेनपुली घेऊन, ओटा फोडायला लागला तर छिन्नी-हातोड्याने फोडू, गॅस कटर त्या इंजिनाजवळ आणायचा नाही. पत्ता मेसेज कर.